तीनशे रुपयांची बचत

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. नणंदेच्या मुलीचा निकाह होता. गाडी चालवायला मुलांचे अब्बा, शेजारी मी, मागे सासूबाई आणि दोन्ही मुलं. गाडी सेकंड हँड घेतलेली, पण नीट सांभाळलेली. मलकापूर मागे पडलं, आंब्याला थांबून चहा घेतला आणि आम्ही घाट उतरायला लागलो.

तीन-चार वळणं झाली असतील. गाडीत काहीतरी जळल्यासारखा वास यायला लागला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. तेवढ्यात मुलांचे अब्बा अगदी हळू आवाजात म्हणाले, "ब्रेक लागत नाहीये." मागे अम्मींना ऐकू जाऊ नये म्हणून ते हळू बोलले होते. पायाखालचं पेडल स्पंजासारखं मऊ झालं होतं, पूर्ण दाबलं तरी गाडी रेटतच होती. त्यांनी गाडी दुसऱ्या गियरमध्ये घेतली, मग पहिल्यात. हातब्रेक हळूहळू ओढला. अल्लाहच्या मेहरबानीने डोंगराच्या बाजूला थोडी रुंद जागा मिळाली. गाडी गटाराच्या कडेला घासत थांबली. दुसऱ्या बाजूला दरी होती. त्यानंतर बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने चाकं निवली, पेडल थोडं घट्ट झालं. पहिल्या गियरमध्ये मुंगीच्या पावलाने आम्ही साखरप्याला उतरलो. तिथल्या एका गॅरेजवर वयस्कर मेकॅनिक होते, सगळे त्यांना चाचा म्हणत होते. त्यांनी पुढचं चाक खोललं. ब्रेकच्या एका पॅडचा घासणारा भाग लोखंडी पत्र्यापासून सुटून आला होता. दुसरा तडकलेला होता आणि काचेसारखा चकचकीत झाला होता.

"भाईसाब, हे पॅड कुठं घेतले?" चाचांनी विचारलं.

"कंपनीचेच आहेत. तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत."

चाचांनी तुटलेल्या तुकड्यावर नख ओढलं. भुकटी खाली पडली. "डबा कंपनीचा असेल. माल नाही."

पावती नको असेल तर

ते पॅड आम्ही आमच्याच शहरातल्या एका दुकानातून घेतले होते. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे काय झालं ते वाचलं की कळेल. दुकानदाराने चौदाशे रुपये सांगितले होते. घासाघीस केल्यावर तो म्हणाला, "पावती नको असेल तर अकराशेला देतो. माल तोच." डब्यावर कंपनीचं नाव होतं, रंग तोच होता, स्टिकरही होता. तीनशे रुपये वाचले म्हणून आम्ही खूश झालो. त्या संध्याकाळी येताना मुलांसाठी आइस्क्रीमसुद्धा आणलं होतं.

रत्नागिरीहून परत आल्यावर मुलांचे अब्बा तो तुटका पॅड घेऊन दुकानात गेले. दुकानदार शांतपणे म्हणाला, "आमच्याकडून घेतल्याची पावती दाखवा." पावती नव्हतीच. रिकामा डबा तर आम्ही आधीच रद्दीत दिला होता. ते तसेच घरी आले.

या गोष्टीत दोष एकट्या दुकानदाराचा नव्हता. तीनशे रुपयांसाठी पावती आम्ही सोडली होती. चाचांनी आणखी एक गोष्ट सुनावली होती, तीही खरी होती. ब्रेक ऑइल बदलून तीन वर्षं झाली होती आणि घाट उतरताना गाडी वरच्या गियरमध्ये ठेवून सारखा ब्रेक दाबला जात होता. चांगला पॅड असता तर कदाचित त्याने एवढं सोसलं असतं. खोट्या पॅडने सोसलं नाही.

त्या दिवसापासून मी या विषयाची माहिती गोळा करायला लागले. माझा एक जुना विद्यार्थी आता स्वतःचं गॅरेज चालवतो. त्याच्याकडे बसून अनेक गोष्टी समजून घेतल्या. आपल्या घराघरांत रिक्षा, स्कूल व्हॅन, टेम्पो, मोटारसायकल आहे. कित्येक घरांची चूल गॅरेजच्या कमाईवर चालते. म्हणून जे कळलं ते वाचकांपुढे ठेवते आहे.

ओरिजिनल, लोकल आणि डुप्लिकेट

आपण हे तीन शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या डब्यात, तिच्या नावाने येतो तो ओरिजिनल पार्ट. पण गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. ब्रेक, क्लच, फिल्टर, बेअरिंग, बल्ब बनवणारे कारखाने वेगळे असतात. तेच कारखाने तोच पार्ट स्वतःच्या नावाच्या डब्यातही विकतात आणि तो पुष्कळदा थोडा स्वस्त पडतो. हा मालसुद्धा खराच असतो.

तिसरा प्रकार म्हणजे छोट्या कारखान्यांचा माल, स्वतःच्या नावाने विकलेला. त्यालाच आपण 'लोकल' म्हणून नाक मुरडतो. त्यात चांगला असतो, मध्यम असतो, वाईटही असतो. पण तो खोटा नसतो, कारण बनवणाऱ्याने स्वतःचं नाव लावलेलं असतं. आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरपासून एमआयडीसीपर्यंत फाउंड्र्या आहेत. इथलं कास्टिंग मोठमोठ्या वाहन कंपन्यांना जातं. या भट्ट्यांपुढे उभं राहून घाम गाळणाऱ्यांत आपलीही माणसं आहेत. 'लोकल' ही शिवी नाही.

चौथा प्रकार जुन्या गाडीतून काढलेल्या पार्टचा. दरवाजा, आरसा, सीट, काच, बंपर असं सामान भंगार बाजारातून घेतलं तर त्यात काही गैर नाही. विकणारा जुनं म्हणून विकतो, घेणारा जुनं म्हणून घेतो.

आणि पाचवा प्रकार डुप्लिकेटचा. बनवणारा कोणी तिसराच असतो, पण डब्यावर नाव दुसऱ्याचं, होलोग्राम दुसऱ्याचा, पार्ट नंबरही दुसऱ्याचा. इथे स्वस्त-महाग हा मुद्दाच राहत नाही. अनेकदा डुप्लिकेट माल जवळपास खऱ्याच्याच भावात विकला जातो. खोट इथे नावात आहे. चांगला माल बनवणाऱ्याला दुसऱ्याच्या नावामागे लपायची गरज काय?

फळ्यावरचं गणित

सुट्टी संपल्यावर नववीच्या वर्गात मी हे गणित फळ्यावर मांडलं. वाचकांनीही कागद-पेन्सिल घ्यावी.

गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे एका सेकंदात ती साधारण 17 मीटर जाते. अचानक समोर एक मूल धावत आलं. ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असं धरा. तेवढ्यात 17 मीटर संपले. आता ब्रेक लागला. कोरडा, चांगला रस्ता आणि चांगले ब्रेक असतील तर गाडी आणखी सुमारे 20 मीटरवर थांबेल. एकूण 37 मीटर.

आता तोच रस्ता, तोच चालक, पण पॅडची पकड 30 टक्क्यांनी कमी. ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला 20 ऐवजी 28 मीटरपेक्षा जास्त लागतात. फरक आठ मीटरचा, म्हणजे दोन छोट्या गाड्यांच्या लांबीएवढा.

मुलांना मी पुढचा प्रश्न विचारला. जिथे पहिली गाडी पूर्ण थांबली, त्याच जागी दुसऱ्या गाडीचा वेग किती असेल? बहुतेकांनी दहा, फार तर पंधरा सांगितला. उत्तर आहे ताशी जवळजवळ 33 किलोमीटर. पहिली गाडी मुलाच्या पुढ्यात थांबली. दुसरी त्याच जागी एखाद्या चालत्या स्कूटरच्या वेगाने येऊन धडकली.

वर्ग एकदम शांत झाला. त्यातली निम्मी मुलं रोज व्हॅननं आणि रिक्षानं शाळेत येतात.

कुठल्या पार्टमध्ये काय धोका

ब्रेक पॅड आणि लायनर. पॅडमध्ये लोखंडी पत्र्यावर घर्षणाचं मिश्रण दाबून, उष्णता देऊन चिकटवलेलं असतं. त्या मिश्रणात काय घालायचं, ते किती तापमान सोसेल, याच्या चाचण्या होतात. खोट्या पॅडमध्ये स्वस्तातला भरणा असतो. परदेशात पकडलेल्या अशा मालात लाकडाचा भुसा आणि वाळलेलं गवतही सापडलं आहे. शहरात तीस-चाळीसच्या वेगात असा पॅड बरा चालतो, म्हणून संशय येत नाही. त्याची परीक्षा घाटात होते, किंवा ज्या दिवशी जोरात ब्रेक दाबायची वेळ येते त्या दिवशी. रिक्षा आणि स्कूटरच्या ब्रेक शूचंही असंच.

ब्रेक ऑइल. सायकलच्या पंपात हवा भरून तोंड अंगठ्याने बंद केलं तरी दांडा आत जातो, कारण हवा दाबली जाते. त्यात पाणी भरलं तर दांडा हलत नाही. ब्रेकचं काम याच तत्त्वावर चालतं. पायाचा जोर तेलातून चाकापर्यंत पोहोचतो. पण ब्रेक तापून तेलच उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडतं आणि जोर चाकापर्यंत जातच नाही. डॉट 3 प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस आणि डॉट 4 चा किमान 230 अंश असावा लागतो. हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि जसं पाणी वाढतं तसा तो बिंदू खाली येतो. डॉट 3 साठी तो 140 पर्यंत उतरू शकतो. म्हणून सहसा दोन वर्षांनी तेल बदलायला सांगतात. बनावट डब्यात नेमकं काय भरलं आहे हे कोणालाच माहीत नसतं.

ऑइल फिल्टर. वरून डबी सारखीच दिसते. आतल्या कागदाच्या घड्या कमी असतात, झडप नसते किंवा नावालाच असते. मग कचरा तेलाबरोबर इंजिनात फिरतो. शे-दोनशे रुपये वाचवलेल्या माणसाला इंजिन खोलायला लागलं की हजारोंचा खर्च येतो. टुरिस्ट गाडी किंवा टेम्पो असेल तर तितके दिवस धंदाही बंद.

टायर. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. 3222 लिहिलं असेल तर तो टायर 2022 सालच्या 32 व्या आठवड्यात बनला. नवा म्हणून घेताना हे आकडे स्वतः वाचावेत. काही ठिकाणी झिजलेल्या टायरवर पुन्हा खाचा पाडून, काळा रंग मारून तो नव्यासारखा दाखवतात. खाच खोल दिसते, पण खालचं रबर तेवढंच पातळ झालेलं असतं. मोटारीच्या टायरची खाच 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो बदलायलाच हवा. नव्या टायरवर आयएसआय चिन्ह असतं, तेही बघावं.

एअरबॅग. आपल्या देशात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. धडक बसल्यावर डोळ्याची पापणी लवायच्या आत ती फुगावी लागते. एकदा फुगली की तिचं काम संपलं, नवी बसवावी लागते आणि ती महाग असते. खोटेपणाला वाव इथेच मिळतो. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने ऑक्टोबर 2012 मध्ये बनावट एअरबॅगबद्दल जाहीर इशारा दिला. चाचणीत काही फुगल्याच नाहीत आणि एकीतून तर धातूचे तुकडे उडाले. हे संकट दूरच्या देशातलं म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. दिल्ली पोलिसांनी 2024 मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांच्या शेकडो बनावट एअरबॅग पकडल्या. सेकंड हँड गाडी घेताना चावी फिरवा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल किंवा विझतच नसेल तर आधी तपासणी करून घ्या, मग सौदा.

बल्ब आणि वायरिंग. ठरलेल्यापेक्षा जास्त वॅटचा हलका बल्ब बसवला की होल्डर वितळतो, वायर तापते. गाडीला आग लागायला एवढं पुरेसं आहे.

हेल्मेट. ते गाडीचा पार्ट नाही, पण डोक्याशी त्याची गाठ आहे म्हणून इथे घेते. 1 जून 2021 पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे. त्याचा मानक क्रमांक आयएस 4151. रस्त्याकडेला दोनशे रुपयांत मिळणाऱ्या हेल्मेटवरही हे चिन्ह छापलेलं असतं, म्हणून नुसतं चिन्ह बघून भागत नाही. चिन्हाबरोबर परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोचं 'बीआयएस केअर' हे ॲप मोबाइलवर घेऊन त्यात तो क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आहे ते दिसतं.

खोटा माल येतो कुठून?

हा प्रश्न मी माझ्या त्या विद्यार्थ्याला विचारला. तो हसला. "आपा, थोडा तुमच्या घरातूनच येतो."

मला राग आला. मग त्याने समजावलं. कंपनीचे रिकामे डबे, ऑइलचे कॅन, होलोग्राम लावलेली खोकी यांना बाजारात किंमत आहे. आपण ते भंगारवाल्याला जसेच्या तसे देतो. त्यातले काही फिरत फिरत अशा हातात पोहोचतात जिथे त्यांत हलका माल भरून पुन्हा सील केलं जातं. जुने बेअरिंग, जुने प्लग घासून-पुसून त्याच डब्यांत बसवले जातात. आमचा डबा रद्दीत गेला होता, तो आज कोणाच्या गाडीसाठी वापरला गेला असेल, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

मग मी विचारलं, "पण तुम्ही मेकॅनिक लोक हा माल बसवता कशाला?"

त्याने लपवाछपवी केली नाही. "काही जण कमिशनसाठी बसवतात, खोटं कशाला बोलू? पण आपा, दहातले सात गिऱ्हाईक गाडी लावतानाच सांगतात, 'कमीत बसव, वरचे पैसे नाहीत.' मी दोन हजारांचा खर्च सांगितला की शेजारचा बाराशे सांगतो. गिऱ्हाईक तिकडे जातं. महिनाअखेरीला दुकानाचं भाडं मला भरायचं असतं. तरी ब्रेक आणि स्टिअरिंगच्या कामात मी ऐकत नाही. गाडी नेली तर नेली. माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं, गिऱ्हाईक गाडी नाही, जीव सोपवून जातं. ती अमानत आहे."

हे ऐकून मला आमचीच घासाघीस आठवली. भाजीच्या जुडीवर दोन रुपये कमी करणं वेगळं आणि ब्रेकवर करणं वेगळं. आपण मेकॅनिकच्या मजुरीत कपात करतो, पार्टच्या किमतीवर अडून बसतो आणि मग त्याने प्रामाणिक राहावं अशी अपेक्षा ठेवतो. तो प्रामाणिक राहिलाच पाहिजे, खोटा माल बसवून मिळवलेल्या पैशात बरकत ती कसली? पण त्याला तसं राहणं सोपं करणं आपल्याही हातात आहे.

घ्यायच्या आधी, घेताना, घेतल्यावर

मेकॅनिकला आधीच सांगा की पार्ट कुठल्या प्रकारचा बसवणार आहात ते स्पष्ट करा. ओरिजिनल, पार्ट बनवणाऱ्या कंपनीचा, की स्थानिक नावाचा? तिन्हींचे भाव विचारा. परवडेल तो घ्या, पण काय घेतो आहोत ते माहीत असू द्या. पैसे कमी असतील तर सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम, बंपर थांबू शकतो. ब्रेक, स्टिअरिंग, टायर थांबू शकत नाहीत.

दुकानात डबा हातात घेऊन नीट वाचा. बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, महिना-वर्ष, किरकोळ विक्रीची कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन नंबर, हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. अक्षरं पुसट आहेत का, स्पेलिंग चुकलं आहे का, स्टिकरखाली दुसरा स्टिकर आहे का, सील पुन्हा चिकटवल्यासारखं दिसतं का? पुष्कळ कंपन्यांच्या डब्यावर आता क्यूआर कोड किंवा खरवडून बघायचा नंबर असतो. तो कंपनीच्या ॲपवर तपासा. मात्र होलोग्राम दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. होलोग्रामचीही नक्कल होते.

शक्य असेल तर जुना पार्ट सोबत न्या आणि नव्याशी ताडून बघा. वजन, जाडी, कडा, कोरलेले नंबर यांत फरक दिसतो. खऱ्या पार्टवर नंबर सहसा नीट कोरलेला किंवा छापलेला असतो, खोट्यावर तो वेडावाकडा किंवा अजिबात नसतो. भाव नेहमीपेक्षा फारच कमी असेल तर दुकानदाराला मोकळेपणाने विचारा की कमी का.

पावती घ्याच. त्यावर पार्टचं नाव, कंपनीचं नाव, पार्ट नंबर आणि तारीख असावी. नुसतं 'ब्रेक सामान' लिहिलेल्या चिठ्ठीला अर्थ नाही. मोबाइलवर पावतीचा आणि डब्याचा फोटो काढून ठेवा.

मेकॅनिकने बदललेला जुना पार्ट परत मागा. खरंच बदलला की नाही ते कळतं. जुना पार्ट भंगारात देण्याआधी निकामी करा, पॅड असेल तर हातोडीने तोडा. रिकामा डबा कात्रीने कापा, कॅनला खिळ्याने भोक पाडा, होलोग्राम खरवडून काढा. वॉरंटी संपेपर्यंत डबा घरात ठेवायचा आणि मग फाडून द्यायचा, हे काम आता आमच्या घरी धाकट्या मुलाकडे आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे

दुसऱ्याचा ट्रेडमार्क लावून माल बनवणं किंवा विकणं हा 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने यापुढचं पाऊल टाकलं. बनावट मालामुळे ग्राहकाला इजा झाली तर एक वर्षापर्यंत, गंभीर इजा झाली तर सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मृत्यू झाला तर किमान सात वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. मोटार वाहन कायद्यातही 2019 मध्ये दुरुस्ती झाली. सरकारने सुरक्षेसाठी अत्यावश्यक म्हणून जाहीर केलेला पार्ट नियमात बसणारा नसताना विकला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पार्टमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.

सामान्य माणसाने करायचं काय? पहिल्यांदा दुकानदाराला पावतीसह लेखी तक्रार द्या. त्याने ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करा. ज्या कंपनीच्या नावाने माल विकला तिलाही कळवा, तिचं नाव खराब होत असल्यामुळे ती सहसा लक्ष घालते. तेवढ्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते. रिक्षावाल्या भावांनी एक लक्षात ठेवावं. धंद्यासाठी घेतलेल्या मालाबद्दल ग्राहक म्हणून तक्रार होत नाही, असं सांगून काही जण परत पाठवतात. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी जो माल घेतो, तो कायद्याने ग्राहकच आहे.

या प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न एकच विचारला जातो, पावती आहे का?

परत त्याच घाटात

निकाह उरकून आम्ही परत निघालो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी एसटीनं येते." त्यांना घाटात नेमकं काय झालं ते कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांना सगळं कळलं होतं. मुलांच्या अब्बांनी त्यांना साखरप्याच्या चाचांची पावती दाखवली. नवे पॅड, नवं ब्रेक ऑइल, मजुरी, एकेक वेगळं लिहिलेलं, खाली सही. चाचांनी न मागता दिली होती, आणि वर जुने पॅड कागदात गुंडाळून हातात ठेवले होते. अम्मींनी चष्मा लावून पावती वाचली, मग मुकाट्याने गाडीत बसल्या.

त्यातला एक तुटका पॅड आता माझ्या शाळेच्या कपाटात आहे. दरवर्षी नववीला गती आणि अंतराचा धडा आला की मी तो टेबलावर ठेवणार आहे. मुलं हातात घेतात, नखाने खरवडतात, भुकटी बोटाला लागते. यंदा एका मुलीने घरी जाऊन वडिलांच्या रिक्षाची पावती मागितली. पावती नव्हती. दुसऱ्या दिवशी तिचे वडील मेकॅनिककडे गेले आणि मागचे ब्रेक उघडून बघितले. लायनर ठीक निघाले, अल्हमदुलिल्लाह. पण आता ती मुलगी घरात दर वेळी विचारते, "अब्बा, पावती घेतली?"

तुमच्याही घरात हा प्रश्न विचारणारं कोणीतरी असू द्या.